अंकांचे भाषांतर

भाषांतराची चर्चा करताना आपल्या मनात शब्द असतात, वाक्ये असतात, छंद आणि अलंकार असतात, अंक नसतात. एका भाषेतील करुणा दुसऱ्या भाषेत कशी न्यावी यावर पानेच्या पाने लिहिली जातात, परंतु १२१२ ही संख्या एका भाषेतून दुसऱ्या भाषेत कशी न्यावी असे कोणी विचारले, तर तो प्रश्न थट्टेवारी नेला जाईल. संख्या सर्वत्र सारखीच, तिला भाषांतराची गरज नाही, अशी आपली समजूत आहे. ही समजूत बरोबर नाही. आणि ती आपण तपासून न पाहिल्यामुळे आपल्या ग्रंथसूच्या, हस्तलिखितांच्या नोंदी आणि संहितांचे संदर्भ यांना धोका निर्माण झाला आहे, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

हा विषय भारतीय साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडण्याचे कारण उघड आहे. आपल्या अभ्यासाची साधने कागदावरून संगणकात जात आहेत. २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपि मिशन सुरू झाले आणि हस्तलिखितांच्या नोंदी संगणकीय स्वरूपात एकत्र करण्याचे काम देशभर हाती घेतले गेले. वाराणसीत तर हा प्रश्न दारातच उभा आहे. येथील संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयाच्या सरस्वती भवनातील हस्तलिखितांचीच संख्या लाखाच्या घरात जाते. अशा एखाद्या नोंदीत अंक किती परींचे असतात ते पाहावे. पत्रे किती, ही मोजणी असते. हस्तलिखिताचा क्रमांक हे वस्तुतः नाव असते. शक किंवा संवत् हे एका विशिष्ट गणनेतील स्थान असते, आणि अध्याय व ओवी यांचा निर्देश हा पत्ता असतो. दिसायला सारे अंकच. माणूस वाचताना हा भेद कोणी न सांगता ओळखतो. यंत्राला तो सांगावा लागतो. न सांगितल्यास यंत्र अंदाज करते, आणि प्रत्येक यंत्रभाषेचा अंदाज वेगळा असतो.

संगणकाला ज्या भाषांतून आज्ञा दिल्या जातात त्यांनाही व्याकरण असते, आणि संख्येच्या बाबतीत या व्याकरणांत एकवाक्यता नाही. पायथन या भाषेत पूर्णांक आणि दशांश-अपूर्णांक हे दोन वेगळे प्रकार आहेत, व पूर्णांक हवा तेवढा मोठा असू शकतो. जावास्क्रिप्टमध्ये दीर्घकाळ संख्येचा एकच प्रकार होता. पूर्णांकही तेथे अपूर्णांकाच्याच साच्यात ठेवला जाई. मोठ्या पूर्णांकांसाठी स्वतंत्र प्रकार त्या भाषेच्या प्रमाणरूपात २०२० मध्ये आला. एका भाषेतील माहिती दुसरीकडे धाडावयाची तर ती आधी साध्या अक्षरांच्या ओळीत उतरवावी लागते आणि पलीकडे पोहोचल्यावर पुन्हा उभी करावी लागते. या उतरवण्यालाच तंत्रज्ञ सीरियलायझेशन म्हणतात. त्यासाठी आज जेसॉन नावाची लेखनपद्धती सर्वत्र वापरली जाते. डग्लस क्रॉकफर्ड यांनी ती प्रचारात आणली आणि २०१३ मध्ये तिला प्रमाणग्रंथ लाभला.

या पद्धतीत शब्द अवतरणचिन्हांत लिहावयाचा आणि संख्या चिन्हांवाचून, असा संकेत आहे. संख्या कशी लिहावी हे तिचे व्याकरण सांगते. परंतु वाचणाऱ्याने ती कोणत्या प्रकारात ठेवावी, हे सांगत नाही. परिणाम असा होतो की, ९००७१९९२५४७४०९९३ हा सोळा अंकी क्रमांक पायथनने लिहून दिला आणि जावास्क्रिप्टने नेहमीच्या रीतीने वाचला, तर शेवटच्या ३ च्या जागी २ येतो. कोणतीही सूचना मिळत नाही आणि काम थांबतही नाही. उलट दिशेने १.० ही संख्या जावास्क्रिप्टमधून फिरून परत आली की १ होऊन येते, आणि पायथन तिला आता पूर्णांक समजते. अशा अडचणीमुळेच २०१० मध्ये ट्विटर या कंपनीला आपल्या प्रत्येक संदेशाचा क्रमांक दोनदा द्यावा लागला: एकदा संख्या म्हणून आणि एकदा अवतरणचिन्हांत, अक्षरांची माळ म्हणून. पुढे २०१७ च्या तांत्रिक दस्तऐवजात जेसॉनमधील पूर्णांक कोणत्या मर्यादेपर्यंत सर्वत्र सारखे वाचले जातील हे नमूद करण्यात आले. मर्यादा सांगितली गेली. प्रकार सांगण्याची सोय मात्र झाली नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला सोळा अंकी क्रमांकांशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्याच घरातील उदाहरण घेऊ. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायातील ओव्या अठराशेच्या वर आहेत. अध्याय अठरा, ओवी दहा हा संदर्भ आपण १८.१० असा लिहितो. येथील बिंदू हा दशांशचिन्ह नव्हे. तो केवळ दोन अंकांमधील पडदा आहे. परंतु ही ओळ अवतरणचिन्हांवाचून पाठवली, किंवा कोष्टकाच्या एखाद्या प्रणालीने ती आपण होऊन संख्या मानली, की १८.१० चे १८.१ होते. तसेच १८.१०० चे होते आणि १८.१००० चेही होते. पहिली, दहावी, शंभरावी आणि हजारावी अशा चार ओव्या एका क्षणात एक होतात. एखाद्या शब्दाच्या प्रयोगांची सूची याच संदर्भांवर उभी असेल, तर त्या सूचीचे काय होईल हे सांगण्याची गरज नाही.

बिंदूऐवजी विसर्गासारखे चिन्ह वापरले तर? तेथेही एक गंमत आहे. यामल नावाच्या दुसऱ्या एका लेखनपद्धतीच्या १.१ या आवृत्तीत असे चिन्ह मध्ये घातलेले अंक साठाच्या पटीतील संख्या म्हणून वाचले जात. साठ पळांची घटी मोजणाऱ्या समाजाला ही गणना परकी वाटू नये. परंतु तिच्यामुळे १८:१० या संदर्भाचे १०९० होते. १८:५९ चे ११३९ होते. आणि १८:६० ला मात्र धक्का लागत नाही, कारण साठाच्या गणनेत दुसरा अंक एकोणसाठाच्या पुढे जात नाही, म्हणून यंत्र त्याला मजकूर समजून सोडून देते. एकाच अध्यायाच्या पहिल्या एकोणसाठ ओव्या संख्या होतात आणि उरलेल्या शब्द राहतात. २००९ च्या १.२ आवृत्तीत हा नियम काढून टाकला गेला. परंतु जुना नियम पाळणारी साधने अजून वापरात आहेत.

आपल्या लिपीतील अंकांचा प्रश्न याहून नाजूक आहे. संविधानाच्या ३४३ व्या अनुच्छेदाने संघाची राजभाषा देवनागरी लिपीतील हिंदी ठरवली, परंतु शासकीय प्रयोजनासाठी अंकांचे रूप मात्र भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप असे ठरवले. मराठी ग्रंथांनी देवनागरी अंक सोडले नाहीत, आणि हस्तलिखितांत ते असणारच. आता १२१२ हे ज्ञानेश्वरीचे शकवर्ष देवनागरी अंकांत लिहिलेले आहे असे समजा आणि ते वेगवेगळ्या यंत्रभाषांना संख्या म्हणून वाचावयास सांगा. पायथन आणि जावा या भाषा ते बिनचूक वाचतात. जावास्क्रिप्ट ‘ही संख्या नव्हे’ असे उत्तर देते. पीएचपी ही भाषा, सक्ती केल्यास, त्याचे शून्य करते. पुढे जावास्क्रिप्टने आपले ते ‘संख्या नव्हे’ जेसॉनमध्ये उतरवले, तर तेथे रिक्ततेची खूण पडते. एकाच ग्रंथाचे वर्ष एका यादीत १२१२, दुसरीत ० आणि तिसरीत काहीच नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अंकाचे मूल्य नमूद केलेले आहे. त्यामुळे दोष लिपीचा नाही. दोष वाचणाऱ्याच्या गृहीतकांचा आहे, आणि ती गृहीतके कोठे लिहून ठेवलेली नसतात.

हीच गोष्ट जुन्या हिशेबांची. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते. पेशवेकालीन कागदांचा किंवा एखाद्या ग्रंथप्रकाशन संस्थेच्या जुन्या वह्यांचा अभ्यास करणाऱ्याला पाच रुपये आठ आणे ही रक्कम ५-८ अशा रूपात भेटते. ती ५.८ म्हणून नोंदवली की साडेपाचाचे जवळजवळ सहा होतात. आणि पाच रुपये दहा आणे ही त्याहून मोठी रक्कम ५.१० होऊन, शून्य गळून, ५.१ म्हणजे लहान ठरते. येथे आणखी एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. संगणक अपूर्णांक दोनाच्या पटीत साठवतो. रुपयाचा सोळावा भाग, म्हणजे आणा, त्याला तंतोतंत साठवता येतो. दशमान रुपयाचा दहावा भाग मात्र कधीच तंतोतंत साठवता येत नाही. म्हणूनच ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बहुतेक यंत्रभाषांत ०.३ येत नाही, तर ०.३०००००००००००००००४ येते. आजीच्या आणेवारीतील हिशेब यंत्राला आपल्या नव्या हिशेबापेक्षा अधिक मानवतो!

ही अडचण यंत्राने जन्माला घातली असे मात्र म्हणता येणार नाही. आपल्या परंपरेत संख्या शब्दांत दडवून लिहिण्याची भूतसंख्येची पद्धत होती. तीत चंद्र म्हणजे एक आणि नेत्र म्हणजे दोन. परंतु सागर म्हणजे बहुधा चार असले तरी कोठे कोठे सात, आणि रस म्हणजे बहुधा सहा असले तरी क्वचित नऊ. शिवाय शब्द ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने अंक मांडावयाचे नाहीत. पहिला शब्द एकं स्थानाचा, आणि पुढचे डावीकडे वाढत जावयाचे. ही दिशा श्लोकात लिहिलेली नसते. ती गुरुमुखातून माहीत झालेली असते. मूळचे महाराष्ट्रीय असलेले आणि काशीच्या संस्कृत कॉलेजात अध्यापन केलेले बापूदेव शास्त्री यांचे सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा ग्रंथाच्या भाषांतरात प्रत्येक संख्येपाशी शब्दाचे मूल्य, अंकांची दिशा आणि मोजमापाचे एकक असे तीन निर्णय करावे लागतात. ते करणारा ज्योतिषी असावा लागतो. नुसता इंग्रजी जाणणारा पुरत नाही.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना याच संदर्भात एक योगायोग रुचेल. संगणकातही संख्येचे तुकडे लहान बाजूने आधी पाठवावेत की मोठ्या बाजूने, असा वाद होता. १९८० मध्ये डॅनी कोहेन यांनी त्या वादाला जोनाथन स्विफ्टच्या १७२६ मधील गलिव्हरच्या प्रवासवर्णनातून नावे दिली; अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे यावरून भांडणाऱ्या लोकांची ती नावे आजही रूढ आहेत. भूतसंख्येचे लेखक त्या हिशेबाने लहान टोकाचे म्हणावे लागतील. दोन्ही टोके सारखीच चालतात. फक्त पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे एकमत असले पाहिजे.

हे एकमत कसे साधावे, याचा उत्तम दाखला मराठी साहित्याला याच वाराणसीत मिळालेला आहे. एकनाथांनी आपल्या भागवताची समाप्ती काशीत केली. ग्रंथाच्या शेवटी काळ नोंदवताना त्यांनी केवळ एक वर्ष सांगितले नाही. आधी वाराणसीचे नाव घेऊन तेथील विक्रमाची गणना, तिच्यातील १६३० हे वर्ष आणि वृष हे संवत्सरनाम त्यांनी दिले. नंतर, आता आपल्या देशातील गणना सांगतो असे बजावून, गोदातीरच्या पैठणाचा निर्देश करून शालिवाहनाची गणना, तिच्यातील १४९५ हे वर्ष आणि श्रीमुख हे संवत्सरनाम दिले. दोन्हींचा काळ एकच, इसवी सन १५७३. संवत्सराच्या नावांतही फरक आहे, कारण उत्तरेतील साठ संवत्सरांचे चक्र गुरूच्या गतीला धरून चालते व सुमारे पंचाऐंशी वर्षांत एक नाव गाळते. दक्षिणेत तसे गाळत नाहीत. श्रीमुख हे चक्रातील सातवे नाव आणि वृष हे पंधरावे. एकनाथांच्या काळापर्यंत दोन गणनांत आठ नावांचे अंतर पडले होते.

या नोंदीचे महत्त्व भाविकतेने नव्हे, शास्त्रीय दृष्टीने पाहावे. विक्रमाच्या गणनेलाही तेथे शक हाच शब्द लावलेला आहे. महाराष्ट्रातील एखाद्या नोंदणीकाराने फक्त शक हा शब्द आणि १६३० हा आकडा उचलला, तर तो सवयीप्रमाणे त्यात ७८ मिळवील आणि ग्रंथ १७०८ चा, म्हणजे १३५ वर्षे अलीकडचा ठरवील. तसे होऊ नये म्हणून एकनाथांनी आकड्याबरोबर त्याची गणना, गणनेचा प्रदेश आणि पडताळ्यासाठी संवत्सराचे नाव अशी सर्व सामग्री दिली. वाचणारा काशीचा असो की पैठणचा, त्याला अंदाज करावा लागत नाही. आकडा आपल्या ओळखपत्रासह प्रवास करतो.

जेथे अशी ओळख दिलेली नसते तेथे काय होते, हे एकनाथषष्ठीच्याच तिथीवरून दिसेल. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, म्हणून ती तिथी फाल्गुन वद्य षष्ठी. काशीत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तोच दिवस चैत्र कृष्ण षष्ठी. दोन्ही नोंदी बरोबर आहेत. परंतु दोन्ही एका स्तंभात, महिना बारावा आणि महिना पहिला अशा नुसत्या अंकांनी शेजारी बसवल्या, तर एकच दिवस दोन दिवस होतो. वाराणसीत लिहिलेल्या मराठी हस्तलिखितांच्या बाबतीत ही शंका पावलोपावली घ्यावी लागते, कारण लेखक घरची गणना वापरीत होता की गावची, हे प्रत्येक वेळी पुष्पिकेत सांगितलेले असेलच असे नाही.

यावर तंत्रज्ञांना दोष देऊन मोकळे होण्याची प्रवृत्ती आपल्यात दिसते. ती अन्यायाची आहे. १८.१० हा पत्ता आहे, हे ज्ञानेश्वरी न वाचलेल्या माणसाला कसे कळावे? हा निर्णय संहितेच्या अभ्यासकाचा आहे आणि तो त्याने आधीच लेखी केला पाहिजे. माझ्या मते त्याचे सूत्र साधे आहे. ज्या अंकांची बेरीज करणे निरर्थक आहे, ते अंक नसून नाव आहे, आणि ते नावाप्रमाणे, अवतरणचिन्हांतच, लिहिले पाहिजे. दोन हस्तलिखितांच्या क्रमांकांची कोणी बेरीज करीत नाही. म्हणून ००४७ हे ००४७ च राहिले पाहिजे, त्याचे ४७ होता कामा नये. ओवीचा पत्ता द्यावयाचा तर अध्याय एका रकान्यात आणि ओवी दुसऱ्या रकान्यात द्यावी. स्वतंत्रपणे त्या दोन्ही मोजण्या आहेत, एकत्र मात्र ती संख्या नव्हे. वर्ष लिहिताना पुष्पिकेतील मूळ शब्द, गणना, मासपद्धती आणि आपण काढलेला इसवी सन या चार वेगळ्या गोष्टी ठेवाव्यात. शेवटची आपली आहे, पहिली लेखकाची आहे. रक्कम सर्वांत लहान नाण्यात, पूर्णांकात, नाण्याच्या नावासह लिहावी. देवनागरी अंक जसेच्या तसे मजकुरात जपावेत आणि त्यांचे मूल्य हवे असल्यास शेजारी द्यावे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, क्रमांक अक्षरांत ठेवले तर त्यांचा क्रम लागत नाही. दहा हे दोनाच्या आधी येते. आक्षेप खरा आहे, परंतु क्रम लावण्यासाठी वेगळा रकाना करता येतो. क्रम बिघडला तर तो पुन्हा लावता येतो; गळलेले शून्य पुन्हा आणता येत नाही, कारण मूळची शून्ये किती होती हे कोणालाच सांगता येत नाही. दुसरा आक्षेप असा की, व्यवहार साधनांप्रमाणे बदलतो आणि आपणही यंत्राला सोयीचे क्रमांक वापरावेत. विज्ञानात असे घडलेले आहे. काही मानवी जनुकांची नावे कोष्टकांच्या प्रणालीला मार्च किंवा सप्टेंबरमधील तारखांसारखी वाटत. अखेर नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये ती नावेच बदलल्याचे जाहीर केले. जनुकांची नावे गेल्या काही दशकांतील आहेत. ती बदलता आली. शतकानुशतके वारकऱ्यांच्या, कीर्तनकारांच्या आणि टीकाकारांच्या उपयोगात असलेली ग्रंथांची अध्यायरचना आणि ओवीक्रम आपण यंत्राच्या अंदाजासाठी बदलू शकत नाही, आणि बदलू नये.

भाषांतराच्या परीक्षेची एक जुनी रीत आपल्याला ठाऊक आहे: भाषांतरित मजकूर पुन्हा मूळ भाषेत आणून ताडून पाहणे. अंकांच्या बाबतीत ही परीक्षा अगदी सोपी आहे. सूची एका यंत्रभाषेतून दुसरीत पाठवावी, परत मागवावी आणि अक्षरशः तुलना करावी. साहित्याच्या भाषांतरात परत आलेला मजकूर मूळासारखा नसतो आणि त्यात काही काव्यही असू शकते. परत आलेल्या सूचीत तसा फरक पडला तर ती सूची अपुरी आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते. विद्यापीठांनी सूचीवजा प्रबंध स्वीकारताना ही तुलना आणि प्रत्येक रकान्यातील अंक कोणत्या प्रकारचा आहे हे सांगणारे एक पान बंधनकारक करावे, अशी माझी सूचना आहे. आपल्या नियतकालिकांनीही सारण्यांसोबत तेवढे पान मागावे.

सूचीत शब्द चुकला तर वाचकाला तो खटकतो आणि कोणी तरी तो दुरुस्त करतो. चुकलेला अंक खटकत नाही, कारण तोही अंकच दिसतो. १८.१ ही अठराव्या अध्यायाची खरीखुरी ओवी आहे. १७०८ हे खरेखुरे वर्ष आहे. असे अंक एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरत जातात, आणि पुढच्या पिढीचा अभ्यासक त्यांवर निष्कर्ष बांधतो. तेव्हा मूळ पत्रे कसरीने किंवा ओलीने नष्ट झालेली असली, तर त्या निष्कर्षांची तपासणी करण्यास आधारच उरणार नाही. म्हणून प्रकाराची नोंद आजच, मूळ हाताशी असतानाच, झाली पाहिजे.